उन्हाचे आणि वाऱ्याचे वेळापत्रक

५ एप्रिल २०२०ची रात्र आठवते? करोनाची टाळेबंदी होती, रविवार होता. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री ९ वाजता नऊ मिनिटांसाठी घरातले दिवे मालवून गच्चीत, गॅलरीत पणत्या लावायच्या होत्या. आपल्याला त्या पणत्या आठवतात. देशाचे वीजजाळे, म्हणजे ग्रिड, चालवणाऱ्या अभियंत्यांना मात्र एक आकडा आठवतो. त्या नऊ मिनिटांत देशाची मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली.

अंदाज असा दुपटीहून अधिक चुकूनही देश अंधारात गेला नाही. कारण वेळ ठाऊक होती, आणि चुकीसाठी जागा राखून ठेवलेली होती. जलविद्युत संच आधीच चालवून तयार ठेवले होते. मागणी घसरताच त्यांची निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॉटने खाली आणली गेली आणि लोकांनी पुन्हा दिवे लावताच ती वर नेली गेली.

त्या रात्रीची तयारी एका प्रसंगापुरती होती. आता तशी तयारी रोज करावी लागते. जानेवारी २०२५च्या अखेरीस भारताची सौर वीजक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. देशाची मागणी पाहायची, तर ३० मे २०२४ रोजी ती अडीच लाख मेगावॉटवर पोहोचली होती. म्हणजे भर दुपारी देशाच्या विजेचा मोठा वाटा आता थेट आकाशावर अवलंबून असतो. ढग येताना कोणी आवाहन करत नाही, आणि वारा पडताना तारीख-वेळ जाहीर होत नाही. म्हणूनच ‘उद्या दुपारी दोन वाजता ऊन किती असेल, वारा किती असेल’ हा प्रश्न आता वीज खात्याचाही झाला आहे.

काटा पन्नासवर

वीज ही साठवणुकीच्या दृष्टीने अवघड वस्तू आहे. धान्य कोठारात ठेवता येते, पाणी धरणात अडवता येते. विजेचे तसे नाही. बॅटऱ्या आणि उदंचन जलविद्युत प्रकल्प आले असले, तरी आजही बहुतांश वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. तुम्ही मिक्सरचे बटण दाबता, तेव्हा कुठल्या तरी जनित्रावर तेवढा भार त्याच क्षणी वाढतो.

हा तोल दाखवणारा काटा म्हणजे विजेची वारंवारिता. भारतात ती ५० हर्ट्झ असते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की काटा खाली येतो, निर्मिती वाढली की वर जातो. तो ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायचा असतो. काटा फारच ढळला, तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप जाळ्यापासून सुटू लागतात आणि मग एकामागून एक केंद्रे बंद पडण्याची भीती असते.

हा तोल सांभाळण्यासाठी दिवसाचे ९६ तुकडे केलेले आहेत, प्रत्येक १५ मिनिटांचा. कोणत्या तुकड्यात कोणते केंद्र किती वीज देणार, याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच तयार होते. महाराष्ट्रापुरते हे काम ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चालते. त्याच्या वर मुंबईतले पश्चिम विभागीय केंद्र आणि त्याच्याही वर दिल्लीतले राष्ट्रीय केंद्र आहे.

आदल्या दिवशीच का? कारण कोळशाचा संच हा गॅसच्या शेगडीसारखा पेटत नाही. थंड पडलेला संच पुन्हा चालू करायला कित्येक तास लागतात. चालू असलेला संचही हवा तेवढा मंद करता येत नाही. आपल्याकडे साधारण ५५ टक्क्यांच्या खाली तो उतरवत नाहीत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे प्रयत्न आता सुरू आहेत. म्हणजे उद्या संध्याकाळी ५०० मेगावॉटचा एक संच ‘लागला तर असावा’ म्हणून चालू ठेवायचा, तर तो दुपारभर पावणेतीनशे मेगावॉट वीज बनवतच राहणार. त्या विजेला जागा करून द्यायची म्हणून कधी कधी उन्हाची फुकट वीज नाकारावी लागते. उद्याच्या उन्हावर भरवसा जितका कमी, तितके असे ‘असावेत म्हणून’ चालणारे संच जास्त.

वाऱ्याचे गणित घनाचे

वाऱ्याचा अंदाज चुकला की शिक्षा मोठी असते. पवनचक्कीची वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अंदाज ८ मीटर प्रतिसेकंदाचा होता आणि प्रत्यक्षात ७ मीटरचा वारा आला, असे समजा. अंगावर घेतल्यास हा फरक आपल्याला जाणवणारही नाही. ताशी २९ किलोमीटरऐवजी २५ किलोमीटर, इतकेच. पण आठचा घन ५१२ आणि सातचा ३४३. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात आठवा हिस्सा चूक, तर विजेत थेट एक तृतीयांश तूट!

वेग १२-१३ मीटरच्या पुढे गेला की चक्की पूर्ण क्षमतेवर स्थिर होते. पण वादळी वारा साधारण २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर गेला, की पाती वाचवण्यासाठी बहुतेक चक्क्या स्वतःला थांबवतात. तेव्हा वारा सर्वाधिक आणि वीज शून्य, अशी उलटी स्थिती येते.

आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम नैऋत्य मोसमी पावसाचा. जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर, धुळ्याच्या साक्री-ब्राह्मणवेल भागात चक्क्या जोमाने फिरतात. निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. ढगांनी सूर्य झाकलेला असतो त्याच महिन्यांत वारा हात देतो. मात्र पावसाळ्यातला खंड आला की वाराही पडतो. खंड येणार हे कळणे पुरेसे नाही. तो मंगळवारी की गुरुवारी, सकाळी की रात्री, हे कळावे लागते. वेग अचूक सांगितला पण वेळ तीन तासांनी चुकली, तरी वेळापत्रकाच्या दृष्टीने तो अंदाज वाया गेलेला असतो.

ढगाची सावली

सूर्याचे तसे नाही. तो कधी उगवेल, कधी मावळेल, दुपारी किती उंचीवर असेल, हे पंचांगातही असते. निरभ्र आकाशात सौर प्रकल्प किती वीज देईल, ते वर्षभर आधी सांगता येते. प्रश्न असतो तो ढगांचा. एखाद्या प्रकल्पावर पावसाळी ढगाची सावली पडली, तर काही मिनिटांत निर्मिती निम्म्याहून खाली येऊ शकते आणि ढग सरकला की तितक्याच वेगाने परत येते. राजस्थानात भडलासारख्या ठिकाणी ढगांइतकाच त्रास धुळीचा. शिवाय उष्णतेचा एक चकवा आहे. ऊन वाढले की वीज वाढते, पण पॅनेल तापले की घटते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होते. त्यामुळे साठ अंशांपर्यंत तापलेले पॅनेल आपल्या नाममात्र क्षमतेपेक्षा दहा-बारा टक्के मागेच राहते.

या सगळ्यावर पहिला उतारा म्हणजे पसारा. एका प्रकल्पावरचा ढग दुसऱ्यावर नसतो. एका पठारावर वारा पडला तर दुसरीकडे चालू असतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या चुका एकमेकींना काही प्रमाणात खोडून काढतात. म्हणून एका प्रकल्पाच्या अंदाजापेक्षा संपूर्ण राज्याचा अंदाज अधिक भरवशाचा असतो आणि राज्यापेक्षा देशाचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. त्या दिवशी देशात एकच ग्रिड झाले. कर्नाटकात ढग असताना गुजरातच्या वाऱ्याने भरपाई करणे त्यामुळे शक्य झाले.

अंदाज बांधतात कसा?

पुढच्या काही मिनिटांचा अंदाज सर्वांत सोपा: आत्ता आहे तसेच राहील, असे धरायचे. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण पंधरा-वीस मिनिटांसाठी ही रीत बऱ्याचदा चांगली चालते आणि नव्या पद्धतींना आधी हिलाच हरवून दाखवावे लागते. पुढच्या तीन-चार तासांसाठी उपग्रह कामाला येतात. इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांच्या एकामागोमाग घेतलेल्या छायाचित्रांतून ढग कुठल्या दिशेला, किती वेगाने सरकत आहेत ते पाहायचे आणि सावली कुठे पडेल ते काढायचे. काही प्रकल्पांत तर आकाशाकडे तोंड करून कॅमेरे बसवलेले असतात.

उद्या-परवाचा अंदाज मात्र महासंगणकांचा. ते वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातला दाब, तापमान, बाष्प आणि वारा भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढे सरकवत नेतात. इथे पुण्याचा मोठा वाटा आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधीच्या जागतिक प्रारूपातला चौकोन १२ किलोमीटरचा होता. हा ६ किलोमीटरचा आहे. एका जुन्या चौकोनाच्या जागी आता चार आले. तरीही एखादा दुपारचा ढग दोन किलोमीटरचाच असतो. तो या जाळीतून निसटतो. त्याची नेमकी जागा सांगता येत नाही, त्याची शक्यता तेवढी सांगता येते.

शेवटची पायरी हवामानाचे विजेत रूपांतर करण्याची. इथे संगणकाला प्रत्येक जागेचा स्वभाव शिकवावा लागतो. पठाराच्या कडेवरून चढणारा वारा प्रारूपापेक्षा नेहमीच थोडा जोरात असतो का, सकाळच्या धुक्याने पॅनेल किती वेळ झाकली जातात, हे मागच्या नोंदींतून शिकून तो अंदाज दुरुस्त करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इथे खरा उपयोग होतो आहे. गूगलच्या डीपमाइंडने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ७०० मेगावॉट पवन प्रकल्पांसाठी ३६ तास आधीचे अंदाज बांधले. आगाऊ वचन न देता विकलेल्या विजेच्या तुलनेत त्या वाऱ्याचे मोल साधारण २० टक्क्यांनी वाढले, असे त्यांनी सांगितले. वारा तेवढाच होता; तो कधी येणार हे आधी सांगता आले, याची ती किंमत.

पण उत्तम संगणकालाही साधी माहिती मिळाली नाही तर तो फसतो. दहा पवनचक्क्या दुरुस्तीसाठी बंद आहेत, हे कोणी कळवलेच नाही, तर वाऱ्याचा अंदाज बरोबर येऊनही विजेचा अंदाज चुकतो.

टेक्सासमधली एक संध्याकाळ

२६ फेब्रुवारी २००८. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दुपारनंतर वारा पडत गेला आणि काही तासांत पवनवीज सुमारे दीड हजार मेगावॉटने घटली. त्याच वेळी संध्याकाळची मागणी अपेक्षेपेक्षा वेगाने चढली, आणि काही इतर केंद्रांनीही कबूल केलेली वीज दिली नाही. काटा घसरला. मोबदल्याच्या बदल्यात ‘अडचणीत आमची वीज तोडा’ असा करार केलेल्या मोठ्या ग्राहकांची सुमारे ११०० मेगावॉटची मागणी दहा मिनिटांत कमी करण्यात आली आणि जाळे सावरले. घरोघरचे दिवे गेले नाहीत.

खरी गोष्ट नंतरच्या चौकशीत पुढे आली. वारा पडणार असल्याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज त्या दिवशी उपलब्ध होता. पण ती अंदाज-प्रणाली अजून चाचणीत होती. नियंत्रण कक्षाच्या कामकाजात तिचा समावेश झालेला नव्हता. अंदाज होता, फक्त ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्या टेबलावर तो नव्हता.

या प्रसंगाचा धडा जगभरच्या वीज यंत्रणांनी घेतला. आपल्याकडेही मुंबईच्या पश्चिम विभागीय केंद्रासह ठिकठिकाणी अक्षय ऊर्जा व्यवस्थापन केंद्रे भार प्रेषण केंद्रांतच उभारली गेली; अंदाज करणारे आणि तो वापरणारे एका छताखाली आले. २०१५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने आंतरराज्य जाळ्याला जोडलेल्या पवन-सौर प्रकल्पांना वेळापत्रक देणे बंधनकारक केले. दिवसात १६ वेळा ते सुधारता येई आणि उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असे, त्यापुढे दंड. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने राज्यातल्या प्रकल्पांसाठी असेच नियम २०१८ मध्ये केले. नंतर देशपातळीवर हे नियम अधिक कडक होत गेले.

टेक्सासचा आणखी एक धडा आहे. नियंत्रण कक्षाला एकच आकडा देणे पुरेसे नसते. ‘उद्या दुपारी दोनला ४००० मेगावॉट’ असे सांगणे आणि ‘बहुधा ४०००, पण २८०० ते ४५०० यांत काहीही’ असे सांगणे, यात फार फरक आहे. दुसऱ्या उत्तराने किती वीज हाताशी राखायची ते कळते. त्यासाठी हवामान केंद्रे एकच गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवतात. युरोपातले केंद्र तर प्रत्येक वेळी पन्नासहून अधिक वेळा. सगळी उत्तरे जवळजवळ आली तर निश्चिंत राहायचे, विखुरली तर सावध व्हायचे.

चुकीची भरपाई कोयनेतून

चुकाही दोन प्रकारच्या, आणि त्यांची किंमत सारखी नसते. अंदाजापेक्षा ऊन जास्त पडले तर कोळसा विनाकारण जळतो किंवा सौर प्रकल्पाला ‘निर्मिती कमी करा’ म्हणून सांगावे लागते. ऊन कमी पडले तर ऐनवेळी वीज एक्स्चेंजमधून महाग वीज घ्यावी लागते, आणि तीही नसेल तर भारनियमन.

त्याआधी महाराष्ट्राच्या मदतीला येते ती कोयना. सुमारे १९५० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प काही मिनिटांत चालू करता येतो, म्हणून ढगाने किंवा वाऱ्याने दगा दिला की पहिली नजर तिकडे वळते. पण कोयनेचे पाणी मोजके आहे. कृष्णा पाणीवाटपानुसार पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वापरता येते. जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाचे हे पाणी पुढच्या एप्रिल-मेच्या संध्याकाळपर्यंत पुरवायचे असते. दुपारच्या चुकलेल्या अंदाजापायी खर्ची पडलेले पाणी उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी कमी पडते.

आणि सर्वांत अवघड वेळ संध्याकाळचीच. सूर्य मावळत असतो, सौर वीज तासाभरात झपाट्याने उतरते आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागतात. हा चढ रोजचा असल्याने तो येणार हे ठाऊक असते. मळभ दाटून तो चार वाजताच सुरू होईल की साडेसहाला, हे त्या दिवशीचा अंदाज सांगतो.

छपरावरची न दिसणारी वीज

महाराष्ट्रात ही गोष्ट आता थेट शेतापर्यंत आली आहे. रात्रीच्या विजेवर पाण्याची पाळी धरायची म्हणजे साप-विंचू, काही भागांत बिबट्या, आणि झोपेचे खोबरे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीचे फीडर सौर विजेवर नेऊन दिवसा पाणी देण्याचा प्रयत्न आहे. उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॉटचे. हे प्रकल्प लहान आणि राज्यभर विखुरलेले असल्याने एका ढगाने सगळे एकदम झाकले जात नाहीत. पण जुलैत ढगांची चादर अख्ख्या मराठवाड्यावर पसरली, तर सगळेच एकदम मंदावणार. हे फीडर जाळ्याला जोडलेले असल्याने विहिरीवरची मोटार तरीही चालू राहू शकते, पण तिची वीज मग दुसरीकडून आणावी लागते. ती आणायची तयारी आदल्या दिवशी ऐरोलीत झालेली असावी लागते.

शहरांत वेगळीच अडचण. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायची आहेत. या छपरांवर किती वीज तयार होते आहे, हे नियंत्रण कक्षाला त्या क्षणी थेट दिसत नाही. त्यांना फक्त मागणी कमी झालेली दिसते. ढग आला की हजारो घरे एकदम जाळ्यातून वीज ओढू लागतात आणि मागणी अचानक वाढल्यासारखी वाटते. म्हणजे आता मागणीच्या अंदाजातही ढगांचा हिशेब धरावा लागतो.

हवामान खात्याच्या अंदाजावर विनोद करणे ही आपली जुनी सवय. ‘पाऊस म्हणाले म्हणजे छत्री नको,’ असे आपण सहज म्हणतो. वीजजाळ्याला ती चैन परवडत नाही. अंदाज चुकणार हे तिथे गृहीतच असते; चूक किती मोठी असू शकते ते आधी जाणून तेवढी वीज हाताशी ठेवायची, हा तिथला नियम. ५ एप्रिलच्या रात्री तेच केले गेले. ही चूक एका टक्क्याने जरी कमी झाली, तरी तेवढे संच ‘असावेत म्हणून’ चालवावे लागत नाहीत, तेवढा कोळसा जळत नाही आणि तेवढे पाणी कोयनेत राहते.

आपल्यापर्यंत हे सारे विजेच्या बिलातून पोहोचू लागले आहे. केंद्राच्या २०२३च्या ग्राहक हक्क नियमांत, स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना उन्हाच्या तासांत स्वस्त दर देण्याची तरतूद आहे. धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री ही कामे संध्याकाळी सातऐवजी दुपारी बारा वाजता उरकली, तर बिल थोडे हलके होते आणि संध्याकाळचा चढही तेवढा सोपा होतो.